मागच्या दोन चाकांसाठी

कामन्याबच्या चौकात, पेट्रोलपंपाला लागून माझं दुकान.
वर पत्रा, खाली तेलकट वाळू.
सकाळी आठला हेन्द्रिना आली,
मागे बापाचा ट्रेलर:
पवनचक्कीचे पाइप, चामडी वायसर, साखळी-कप्पी, पाण्याची दोन पिंपं.
बाप पुढच्या सीटवर, दार उघडं,
उजवा हात मांडीवर ठेवलेला
दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळावी तसा.

'टायर नवेच आहेत,' गॉटहार्ड आतूनच म्हणाला,
'नक्षीत बोट घालून बघ.'
घातलं. गेलं खरं.
पण बगलेला अंगठ्याचं नख दाबलं
तर रबर उकललं, जुलैतल्या ओठांसारखं.
टायरची जन्मपत्रिका चार आकड्यांची:
आठवडा आणि साल.
मी वाचली. हेन्द्रिनानेही वाचली.
आठ वर्षं. त्यातली पाच
एका काटेरी झाडाखाली, एकाच कुशीवर.
चालून झिजतो तो टायर मला कळतो.
उभ्या उभ्या म्हातारा होतो
तो दगा देतो,
आणि देतो तो नेमका ग्रूटबर्गच्या घाटात.

आता नवे कुठले?
गॉटहार्डने बोट दाखवलं, डाव्या हाताचं,
मोठ्या दातांच्या, चिखल खाणाऱ्या जोडीकडे.
'चिखल?' मी म्हटलं. 'शेवटचा कधी पाहिलास?'
तो हसला, अर्ध्या तोंडाने.
'दिसायला बरे दिसतात.'

खरं सांगतो, तेच विकले असते
तर मला चारशे डॉलर जास्त सुटले असते.
पण ट्रेलरला इंजिन नाही.
ज्याला ओढून न्यायचं
त्याला नखं कशाला?
त्याला कूस जाड हवी.
इकडचे दगड समोरून मारत नाहीत, बगलेत शिरतात,
आणि मोपानीचा तोडलेला बुंधा
भाल्यासारखा वाट बघत असतो.
तेव्हा साधी नक्षी, तीन पदरी भिंत,
आणि वजन धरायचं ते पिंपं भरलेली असतानाचं,
घरून निघतानाचं नव्हे.

हेन्द्रिनाने ऐकून घेतलं.
मग तिने विचारलं ते
पंधरा वर्षांत कुठल्या बाप्याने विचारलं नव्हतं:
'पिकअपला आहेत त्याच मापाचे बसतील?'

बसतात. हब बदलावा लागतो, दुपार जाते.
पण मग सहाही चाकं एका मापाची,
एक जादा चाक दोघांना पुरतं,
आणि ट्रेलर मऊ वाळूत
स्वतःची वेगळी वाट उकरत बसत नाही,
पुढच्याच्या चाकोरीत पडतो.

गॉटहार्ड गप्प.
पस्तीस वर्षं त्याने दोन मापं वाहिली होती,
दोन जादा चाकं, दोन पाने,
आणि पाठीची दोन दुखणी.
मला वाटलं, रागावला.
हब बसेपर्यंत बोललाच नाही.
हवा भरायला घेतली तेव्हा म्हणाला,
'किती घालणारेस?'
'तू सांग,' ती म्हणाली.
'खडीवर एक पॉइंट आठ. वाळूत सव्वा.
आणि दर थांब्याला हात लावून बघ,
ताप आहे का बघतात तसा.'
तिने मडगार्डवर खडूने लिहून घेतलं.
शेवटचं नाही लिहिलं.

जुने मी ठेवून घेत होतो.
'वर टाक,' तो म्हणाला,
'मधून कापले की शेळ्या पाणी पितात त्यात.'

ती गेली सेस्फोन्तेनच्या दिशेने.
धुरळा बसल्यावर बघितलं:
सहा चाकं गेली होती,
वाळूत रेघा दोनच.
तेवढ्यात खाटकाची गाडी आली,
डावीकडे कलंडत, नेमकी त्यांच्यावरूनच.