शेकडा एक

पायऱ्या मोजत चढले. कॅशिअरची सवय.
दीडशेच्या पुढं कुठंतरी मोजणी चुकली
म्हणून थांबले. खाली हायवे,
अंबडच्या पत्र्यांवर ऊन,
आणि त्या धुरकटात, रविवार कारंजाच्या अलीकडं,
आमची पतपेढी. शटर अजून खालीच.

दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत मृणाल पगारेनं
मोबाईलचा उजेड भिंतीला लगटून आडवा धरला.
"समोरून धरला की अक्षरं लपतात, मावशी."

मला वाटलं, देवाधर्माचं काही असेल.
ती बोट न लावता, हवेतच ओळ धरून सांगू लागली :
गोवर्धन गावी विणकरांच्या श्रेणींत
तीन हजार कार्षापणांची ठेव.
दोन हजारांना दरमहा शेकडा एक,
हजाराला शेकडा पाऊण.
मुद्दलाला हात नाही. व्याजातून
वीस भिक्षूंना चिवरासाठी बारा बारा.

दाता कुठल्या राजाचा जावई, तेही ती बोलली.
माझं लक्ष नव्हतं.
महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस.
वीस माणसं गुणिले बारा, दोनशे चाळीस.
ताळा जुळला
आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाकडं बघून
मी चक्क हसले.

"निगमसभेत वाचून दाखवलं," मृणाल म्हणाली,
"फलकावर नोंद केली. अशा ठेवीला
अक्षयनीवी म्हणायचे."
माझं हसू तिथंच राहिलं.
आमच्या योजनेचं नाव अक्षयधारा होतं.
पत्रक मीच वाटलं होतं, गल्लीगल्लीत.

आमच्यात येवल्याचे रतनसा बाकळे होते,
सत्तरीतले, अजून मागावर बसणारे.
इतका वेळ गप्प. आता म्हणाले,
"पण भरलं का त्यांनी?
सूत महागलं असेल. साथ आली असेल.
एखादा भागीदार रातोरात उठून गेला असेल.
तरी भरलं?"

मृणालनं उजेड खाली घेतला.
"हा देणाऱ्याचा लेख आहे, काका.
विणकरांनी इथं काही कोरलेलं नाही."

काउंटरच्या काचेला गोल भोक असतं, बोलण्यापुरतं.
आहेर मास्तर त्यातून रोज एकच प्रश्न विचारायचे,
पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं,
आणि मी म्हणायचे, सोमवारी या.

बाकीचे पाण्याच्या टाक्याकडं गेले.
रतनसा चपला काढून एका खोलीत शिरले,
जिथं दगडी ओटा आहे, झोपण्याचा.
वाकून, विती टाकत, उशापासून पायथ्यापर्यंत
त्यांनी तो मोजला. दोनदा मोजला.
मग अंधारातूनच मला विचारलं,
"बाई, एका माणसाला किती हात कापड लागायचं,
ते लिहिलंय का कुठं?"