झेलिगचा ग्लास, काठाखाली एक बोट

कार्डावर तुझं अक्षर, उजवीकडून डावीकडे चाललेलं,
आणि चरबीचा एक डाग
जो आरपार उतरून
पाठीमागच्या दंतवैद्याच्या नंबरावर बसला आहे.

मात्साचे गोळे. अंडी चार.
मात्साचं पीठ: झेलिगचा एक ग्लास, काठाखाली एक बोट.
कोंबडीची चरबी: माल्के आत्याच्या ग्लासाचा तळ झाकेल इतकी.
सोडा: माझ्या बाबांचा अर्धा.
मीठ: तुला माहीत आहे.

मला माहीत नाही, ब्राने.
चाळीस वर्षं मी पारानाकाठची जमीन मोजली,
साखळीने, दुर्बिणीने,
वीतभर बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ
नकाशा पसरून घरी पाठवले,
आणि आपल्या रश्शात मीठ किती पडतं
हे विचारायचं राहिलं.

स्टुलावर चढलो. वरच्या फळीवर,
वर्षातून आठच दिवस खाली उतरणाऱ्या ताटांमागे
सात ग्लास, जाड बुडाचे.
मी आजवर समजत होतो, डझन आणला असेल, पाच फुटले.
उलटे करून पाहिलं तर प्रत्येकाच्या बुडाला
चिकटपट्टी. तिच्यावर नाव.

स्मृतिदिनाच्या मेणबत्त्या यायच्या यांच्यात.
पहिल्या वर्षीचा ग्लास तू ठेवायचीस,
पुढचे सगळे सोडावाल्याच्या बायकोला.
उकळत्या पाण्याने मेण सोडवायचं,
वल्हांडणाआधी तीन दिवस बादलीत बुडवायचं,
रोज पाणी बदलायचं,
आणि मग गेलेल्या माणसाला कामाला लावायचं.
रिकामं बसायला यांना कधी आवडलं होतं, म्हणायचीस,
आणि मला वाटायचं तू कपाटातल्या ताटांबद्दल बोलतेस.

झेलिगचा इतरांहून लहान आहे.
रुखल फोनवर म्हणाली, मामा महागाईच्या वर्षी गेला ना,
कारखान्याने ग्लास बारीक केला, भाव तोच ठेवला.
म्हणजे मेल्यावरही
दोन घास कमीच पदरात पडले त्याच्या.

पोथीत वसंत आहे.
रोसारिओत प्लेनची झाडं पानं टाकताहेत.
पिसाने झाडून कोपऱ्यातला शेवटचा पावाचा कण मी काढला
आणि परत आत येताना
बुटाला चिकटून अख्खा शिशिर घरात आणला.

पहिला घाणा मी स्वयंपाकघरातल्या साध्या कपाने केला.
शेजारच्या एल्विराबाईंनी एक गोळा खाल्ला,
बराच वेळ चावला,
आणि म्हणाल्या, भरीव आहेत.
दुसरा झेलिगच्या मापाने.
तीन बुडाले. बाकीचे
जरा विचार करून वर आले.

तुझी मेणबत्ती मागच्या महिन्यात जळली.
वेष्टनावर चोवीस तास लिहिलं होतं.
मी घड्याळ लावून बसलो होतो:
सव्वीस तास आणि काही मिनिटं.
कारखान्याला कळवणार होतो, मग कळवलं नाही.

तीन दिवस बादली. तीनदा पाणी.
कालपासून तो फडक्यावर पालथा ठेवला आहे,
आठवा ग्लास, दोनशे दहा मिलिलिटर,
आणि मी हिशेब करतोय की तुझ्याने काय मोजायचं.
पीठ झेलिगचं आहे. चरबी आत्याची.
सोडा बाबांकडून काढून घेणं बरं दिसत नाही.

तेवढ्यात दामियान आला, फुटबॉल खेळून, घामाने निथळत,
फडक्यावरचा ग्लास उचलला,
सायफनचा खटका दाबून फसफसता भरला,
एका दमात प्याला, ढेकर दिली,
आणि ओला तसाच टेबलावर ठेवला.
पुसायला हात पुढे केला, तो मागे घेतला.
बुडाला पट्टी अजून लावायची आहे.

रात्री त्याने चार प्रश्न नीट विचारले, एकदाच अडखळला.
मग रश्शाचा एक चमचा घेतला.
आजोबा, मीठ कमी आहे.

सगळे निजल्यावर कार्ड काढलं.
सणाच्या रात्री लिहायचं नसतं,
म्हणून दोन दिवस थांबलो,
मग तुझ्या शेवटच्या ओळीपुढे पेन्सिलने:
माहीत नाही. अजून थोडं.