पत्र्याची पट्टी

जैबुन मुजावरच्या नर्सरीत, कसबा बावड्याच्या रस्त्याला,
सगळ्या कुंड्यांवर एकच नाव: न्युटान्स.
"अननसाच्या भावकीतलं हाय," ती म्हणाली,
"पाणी पानांच्या मधल्या वाटीत घालायचं. दीडशे द्या."

मी दीडशे दिले
आणि शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढला.

बत्तीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न केले मी.
सागवानाचा पंप, सागवानाची पुली,
त्यावरून साचा, साच्यातून लोखंड.
ओतीव तुकडा हातात आला की
पार्टिंग लाइनवर अंगठा फिरवून सांगायचो
कुठल्या पेटीतला, कुणाच्या हातचा.
झाडाला पार्टिंग लाइन नसते.

पान बावीस मिलिमीटर.
खऱ्या न्युटान्सचं बारा, फार तर पंधरा,
गवताच्या पात्याचा थोरला भाऊ.
डेकोराचं चांगलं तीन बोटं रुंद,
पाठीवर राखेची बोटं ओढल्यासारखे रुपेरी पट्टे.
हे मधलंच.
पट्टे आहेत म्हणावं तर आहेत,
चष्मा काढला की नाहीत.

पण सावलीत ठेवून शेणखत चारलं
तर न्युटान्सचंही अंग सुटतं,
तालीम सोडलेल्या गड्यासारखं.
नुसत्या मापावर भरवसा ठेवून
एकदा पंपांची अख्खी ऑर्डर भंगारात घातलीय मी.
लाकूड बरोबर होतं.
लोखंड थंड होताना आकसतं, ते विसरलो होतो.

म्हणून थांबलो. दोन हिवाळे.
दुसऱ्या पौषात दांडा आला,
गुलाबी पाती पांघरून, मान खाली घालून.

न्युटान्सच्या हिरव्या पाकळीला निळा काठ असतो,
सलग, लुगड्याला असावा तसा.
डेकोराला काठच नाही,
तिच्या पाकळ्या घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या
गुंडाळत गुंडाळत पार मुळाशी.
माझ्या कुंडीत काठ होता,
रिफिल संपत आल्यावर रेघ तुटते तसा.
आणि पाकळी दीड वेढा वळून
तिथंच थांबली होती,
पुढचं कुणी सांगितलंच नाही म्हणून.

धक्का लागला. नखावर एक थेंब पडला.
गोड होता.

पराग पुडीत बांधून कॉलेजात गेलो.
शेजारचा बाळगोंडा तिथं प्रयोगशाळेत शिपाई.
त्यानं काच सरकवली, बराच वेळ डोळा लावला.
"काका, निम्मं दाणं चिपाड झाल्यात की.
गुऱ्हाळामागं पडतंय तसलं."
मग मी पाहिलं. चिपाडच.

जैबुनला सांगायला गेलो:
संकर आहे तुझं झाड. ही सगळीच.
तिनं पाइप बाजूला धरला, पाणी वाटेवर वाहत राहिलं.
"माझ्या आईनं मिरजेहनं एक पिल्लू आणलेलं,
त्याचाच ह्यो सगळा गोतावळा.
मग आता किंमत वाढवू का उतरवू?"
मला सांगता आलं नाही.

रात्री पत्र्याची पट्टी घेतली, ऑइल पेंट घेतला.
आधी आईचं नाव, मग फुली, मग बापाचं,
असा रिवाज आहे.
फुली मधोमध काढली.
दोन्ही बाजूंना जागा सोडली.
यातली आई कोणती, ते व्हर्नियरला कळत नाही,
बाळगोंडाच्या काचेलाही नाही.

ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलाय अजून.