चादरींची वही

साहेब, मी यशोधरा बाबाजी घाडी.
राहणार मरोळ पाइपलाइन.
नोकरी लिनन रूममध्ये, सहा वर्षं चार महिने.
हॉटेलचं नाव तुमच्या कागदावर आहेच,
बोर्डावरची दोन अक्षरं तेव्हाही विझलेली असायची.

मला कायदा कळत नाही.
चादरी कळतात.

खोलीत एक माणूस राहिला तर दिवसाला एक डबल चादर,
दोन अभ्रे, एक मोठा टॉवेल, एक हाताचा.
वऱ्हाड उतरलं तर टॉवेल दोन जास्ती,
आणि एखादा गायब.
तीनशे सहाला रोज नऊ चादरी जायच्या.
कधी अकरा.
पाडव्याला चौदा.
ही वही. मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेत,
महिनाअखेरीला मी तिथेच बघायचे:
नऊ त्रिक सत्तावीस, पुढे एक शून्य.

मॅनेजर म्हणाले, आम्ही फक्त खोली देतो,
आत काय होतं ते दाराला माहीत.

मग दाराला विचारा.
हरखू सुताराचं बिल फायलीत असेल:
तीनशे सहा, आतली कडी काढणे, एकशे ऐंशी रुपये.
लावणे नाही, साहेब. काढणे.
खाली मॅनेजरची सही.

मालक दुबईला असतात, हे खरं.
पण धोब्याचं बिल तिकडे जायचं
आणि हिरव्या शाईत ‘पास’ होऊन यायचं.
एकदाच त्यांनी फोनवर विचारलं, धुलाई एवढी वाढली कशी?
मॅनेजर म्हणाले, धंदा चांगला आहे.
मी शेजारीच अभ्रे मोजत होते.
पलीकडे मालक हसले, ते इकडे ऐकू आलं.

काउंटरवर आधारची झेरॉक्स लागते. नियम आहे.
त्या पोरींची सगळ्यांची मिळून एकच होती.
मूळ कार्ड कुणा चौऱ्याण्णव सालच्या बाईचं,
मग झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स,
दर खेपेला चेहरा थोडा काळा.
आधी गाल गेले. मग नाक.
शेवटी नुसता काळा चौकोन उरला
आणि त्यात कुठलीही पोर मावायची.

कायद्यात शब्द आहे म्हणे, जाणूनबुजून.
मालकांच्या वकिलांनी तो सकाळपासून चारदा म्हटला.
जाणून नव्हतं, बुजून नव्हतं.
बरं.
मोजून तर होतं?

आता ते मला विचारतायत,
बाई, तुम्हाला कळत होतं तर चौकीत का गेला नाहीत?
गेले होते.
आत नाही, पायरीपर्यंत.
भिंतीवर कॅलेंडर दिसलं, आमच्याच हॉटेलनं दिवाळीला वाटलेलं,
दुधाच्या तारखा त्यावर गोल केलेल्या.
मी परत आले.
पगार चौदा हजार दोनशे, धाकट्याची बारावी.
हे कारण नाही, साहेब. हा हिशेब आहे.
माझंही नाव लिहून घ्या,
पण माझ्या वहीवर रोज सही कोण करायचं
ते माझ्या वर लिहा.

अजून एक. कुणी विचारलं नाही, तरी सांगते.
एकदा दार अर्धं उघडं होतं.
ती पलंगाच्या कडेला, शाम्पूच्या पुड्या ओळीनं मांडत बसलेली.
पायात हॉटेलच्या कागदी सपाता, दोन्ही डाव्या.
मान वर न करता म्हणाली,
मावशी, आज कोणता वार?
मी घाईत होते. गुरुवार, म्हटलं.

लिफ्टमध्ये लक्षात आलं, शुक्रवार आहे.
मागे फिरले नाही.

त्या दिवसाचं पान काढा. तारीख बरोबर आहे,
वार बरोबर आहे, चादरी दहा.
वहीत कुठे चूक सापडायची नाही.
तिला मात्र मी गुरुवार सांगितलाय.