तीस फूट दोन इंच

रुंदी किती, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न.
तीस फूट दोन इंच, मी सांगतो,
आणि समोरचा माणूस नेमका दोन इंचांवर अडतो,
जणू तीस फूट त्याच्या खिशातच होते.

पौष लागल्यापासून माळावर वारा आहे.
चार खुंट्या, चार दोर, चाकांवर वाळूची पोती,
तरी रात्री तो पंखाखाली हात घालतो
आणि मला न विचारता उडवायला बघतो.
मी कागलचं घोंगडं पांघरून शेजारी बसतो.
एकशे ऐंशी किलोचं जनावर.
सुटलं तर पन्हाळ्यापर्यंत जाईल,
पण तुकड्यातुकड्यांनी.

विमानतळावर साहेबांनी चहा पाजला,
भाड्याचा आकडा लिहिलेला कागद
पालथा करून माझ्याकडं सरकवला.
मी तो पालथाच परत दिला.

शिरोलीत मुल्लाणींची फाउंड्री. शेडमध्ये हत्ती मावेल,
पण ओतकामाला ठिणग्या उडतात
आणि ह्याचं अंग कापडाचं.
मंगल कार्यालयाचा मॅनेजर म्हणाला,
मुहूर्त सुरू होईपर्यंत ठेवा की,
फक्त नवरानवरी वर बसून फोटो काढतील.
(मुहूर्त नाहीत, तर नवरानवरी कुठली? विचारलं नाही.)

वस्तादांनी तालमीचं दार मापून बघू दिलं.
"हात दुमडत न्हाईत व्हय त्येचं?"
दुमडतात, वस्ताद. चौदा बोल्ट, दोन तास,
आणि दुसरं टोक धरायला एक माणूस.
ते माणूस आता येत नाही.
वस्ताद गप्प झाले. मग म्हणाले, दूध घे.

चिखलीच्या वाटेवर अक्काताई चौगुल्यांचं गुऱ्हाळ
दोन हंगाम बंद आहे.
गुळव्या दुसरीकडं गेला, काहिल पालथी,
चुलवाणात मांजरीची पिल्लं.
तीन बाजूंना पत्रा, चौथी पश्चिमेला मोकळी,
आणि पौषातला वारा पूर्वेचा.
टेप लावला. एकतीस फूट.
पुन्हा लावला.
दोन्हीकडं पाच-पाच इंच,
म्हणजे माझी बोटं, मूठ न वळता.

भाडं काय घेणार, अक्का?
"पैसं नगंत. वर गेलास की माझा बांध बघून ये.
दिरानं किती खाल्लाय, त्येवढं सांग."

आठ दिवसांत कापडाला गुळाचा वास लागला.
शिवणीशिवणीतून मुंगळे.
सकाळी इंजिन तापायला अर्धा तास, माझे हात तापायला त्याहून जास्त,
मग शेताकडंची कच्ची वाट, दोन हिसके,
आणि चाकांखालचा आवाज बंद.

पाचशे फुटांवर एक मुंगळा
काचेच्या आतून चालत होता, निवांत,
जणू अजून चिपाडावरच आहे.

खाली ऊस.
नदीपर्यंत ऊस, नदीपलीकडं ऊस.
कुणाचा कुठं संपतो, काही लिहिलेलं नाही.
मी तिरका झालो, दोनदा फिरलो,
वाऱ्यानं तिसऱ्यांदा फिरवलं.
धुराडं दिसलं, त्याच्या बुडाशी जांभळं लुगडं,
आणि वर केलेला एक हात.
ती बांध दाखवत होती.
एवढ्या वरून हात दिसतो,
बोट कुठल्या दिशेला आहे ते दिसत नाही.

उतरलो.
"दिसला?"
वारं फार होतं, अक्का. यंत्र थांबत नाही एका जागी.
हे खरं होतं. सगळं नव्हतं.
"मग उद्या बघ," ती म्हणाली.
"उद्या न्हाई तर परवा."

आत ढकलताना तिनं डावा पंख धरला,
न सांगता, टोकाला, कापडाला नख न लावता.
मग वाटीभर हळद आणली
आणि तिन्ही चाकांभोवती मुंगळ्यांसाठी रेघ ओढली,
वाकून, सावकाश, एकही जागा न सोडता.
कंबर धरून उठली, रेघेकडं बघितलं.
"आता ही हद्द खाऊन दाखवा म्हणावं."