बिंदू क्रमांक सात

आमच्या मराठवाड्याला समुद्र नाही.
म्हणून पैठणच्या धरणालाच सागर म्हणून टाकलं
आणि फाईलवर आलं :
नाथसागर, तरंगता सौर प्रकल्प, स्थळनिश्चिती.
नकाशावर निळा रंग सगळीकडे सारखाच.
ऑफिसात बसून वाटतं, कुठंही अंथरावी चटई
आणि उन्हाला म्हणावं, बस.

भागिनाथच्या होडीत मी, खोली मोजायचं यंत्र,
बिस्किटाचा पुडा, चोवीस रकान्यांचा फॉर्म.
वारा पश्चिमेचा. लाट वीतभर, दुपारनंतर हातभर.
तळ गाळाचा की मुरुमाचा. नांगराची साखळी किती.
उपकेंद्र साडेतीन किलोमीटर.

बिंदू क्रमांक सात. यंत्र म्हणालं, सात मीटर.
मी म्हणाले, झकास.
भागिनाथनं इंजिन बंद केलं.
"इथं म्या टरबूज लावलं व्हतं."

मला वाटलं, चेष्टा.
"पाणी पार तिकडं हाटलं, त्या साली. गाळपेर.
बी नुसतं टाकायचं, हसत यायचं.
ट्रॅक्टर उभा राहायचा, आत्ता तुमी बसल्या तिथं."

यंत्राला फक्त आजचं पाणी कळतं.
माझ्याकडं तीस वर्षांची पातळी होती, सरासरी काढलेली.
सरासरीत टरबूज दिसत नाही.

सात खोडला.
"मग कधीच उघडं पडत नाही, असं कुठं?"

तो बराच वेळ बिस्कीट चावत राहिला.
मग होडी वळवली जुन्या गोदावरीच्या पात्राकडं,
पाण्याखाली अजून वळणं घेत असलेल्या.
तिथं थर्माकोलचे तुकडे रांगेत डुलत होते,
त्याच्याच जाळ्यांचे.
एकोणीस मीटर. वारा टेकडीआड.
सगळं जुळत होतं, आणि मला ते आवडत नव्हतं.

"इचारलं म्हणून दावलं," तो म्हणाला.
"सावलीत मासा ऱ्हाईल का पण?"

पक्ष्यांसाठी रकाना होता, अठरावा : होय / नाही.
माशासाठी नव्हता.
माहीत नाही, मी म्हणाले,
आणि नोकरीत पहिल्यांदाच ते वाक्य
मोठ्यानं म्हटलं गेलं.

पंचविसावा रकाना हातानं आखला.
होडी हलत होती, रेघ वाकडी आली.
त्यात लिहिलं : जाळी आहेत. आधी यांना विचारावे.

काठावर त्यानं पैसे मोजून घेतले,
डिझेलचे वेगळे.
"उद्या बिंदू आठ?" म्हणाला.
"तिथं गहू व्हता."