करील आणि करू शकेल

बिस्मार्कच्या एकोणीस मजली विधानभवनात
मी एकतीस वर्षं कार्यवृत्त लिहिलं.
माणसं आत यायची ती भाषणासकट,
मी त्यांना एका ओळीत बसवायचे:
मांडलं. फेटाळलं. तहकूब.

ऑर्लिन थॉर्स्टाड पहिल्यांदा आला तेव्हा
बुटांना गव्हाचा भुसा होता.
धान्यकोठाराचा मॅनेजर; लोकांचा गहू तोलता तोलता
लोकांनीही त्याला तोललं, आणि दिला पाठवून.
दर दोन वर्षांनी ऐंशी दिवस.
मोटेलातली तीच खोली, एकशे चौदा,
दूध खिडकीच्या दोन काचांमध्ये गारठत ठेवलेलं,
रात्री बायकोला फोन:
आज काही झालं नाही, मार्लिस.

ते खरंच असायचं.

बेल वाजली की हिरवं, नाहीतर तांबडं.
तेलावरचा कर, शाळांचे पैसे, कोयोटीमागे इनाम,
राज्याचं फळ कोणतं यावर दीड दिवस.
तो उभा राहिला की आधी चष्मा, मग घसा, मग
"अध्यक्षमहाराज, आमच्याकडे वारा फार"
आणि सभागृह हसायचं, पुढचं पाठ होतं सगळ्यांना.

त्याचं विधेयक एकच. पाच वेळा पडलेलं.
हिवाळ्यात दफनभूमीचा रस्ता
काउंटीचा बर्फनांगर साफ करील.
एवढंच वाक्य.
खर्च किती, विचारायचे.
मेलेल्याला घाई कसली, मागून कोणी म्हणायचं;
ते मी लिहून घेतलं नाही.

सहाव्या खेपेला समितीत एका वकिलाने
पेन्सिलीने "करील" खोडलं,
वर लिहिलं "करू शकेल".
ऑर्लिन त्या शब्दाकडे बघत राहिला,
तराजूचा काटा स्थिरावायची वाट बघावी तसा.
मग मान हलवली.
एक्क्याण्णव विरुद्ध दोन. संमत.

पुढची निवडणूक एक्केचाळीस मतांनी गेली.
नवा पोरगा बरा होता. दात छान होते.
टेबलाचा खण रिकामा करताना
मी पुठ्ठ्याचा खोका धरून उभी:
खोकल्याच्या गोळ्या, तेरा अधिवेशनांचे तेरा बिल्ले,
आणि वर न बघताच तो म्हणाला,
आई गेली पासष्ट सालच्या जानेवारीत.
एप्रिलपर्यंत शेडमध्ये होती, ट्रॅक्टरशेजारी.
मी अकरा वर्षांचा. शाळेतून आलो की रोज
शेडची कडी लागलीय ना, बघायचो.
कोल्हे असतात.

सभागृहात का नाही सांगितलंत? मी विचारलं.
एकदा जरी सांगितलं असतंत तर "करील" राहिलं असतं.

ती आई होती, म्हणाला. पुरावा नव्हता.

तो स्वतः गेला जुलैत.
रस्ता कोरडा, दोन्ही अंगांना जवस निळा फुललेला.
स्वतःच्या कायद्याला काही कामच ठेवलं नाही त्याने.
गव्हर्नरचं पत्र आलं होतं, आडनावात एक अक्षर चुकलेलं.
फाटकापाशी मी गाडी हळू केली:
काउंटीचा पिवळा बर्फनांगर,
भर उन्हात, पातं वर उचललेलं,
ड्रायव्हर टोपी काढून शेजारी उभा.
कोणी बोलावलं, मी विचारलं नाही.
करू शकेल, असं लिहिलेलं होतंच.